तळवे दाखवा

सोडामास्तरांच्या शेडमध्ये शिरायचं तर आधी दोन्ही तळवे पुढे करून दाखवावे लागत. मग तो माणूस कोणी का असेना. फोरमनबाई असोत, नाहीतर वरून तपासणीला आलेला कडक इस्त्रीचा साहेब असो. मास्तर दारातच उभे असत, हातात खाकी कागदाचा चौकोनी तुकडा घेऊन. कागद तळव्यावर दाबायचा, खिडकीकडे धरायचा आणि एक डोळा मिटून बघायचं. तेल असलं की कागदावर ठिपका पडतो, आणि त्या ठिपक्यातून उजेड आरपार येतो. ठिपका दिसला रे दिसला, की मास्तर बोटानं बाहेरचा नळ दाखवत. नळाखाली घमेलं, घमेल्याशेजारी धुण्याच्या सोड्याचा डबा. "परत धुवा." बस, एवढंच बोलायचं. म्हणून ते सोडामास्तर. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं.

आता रेल्वेच्या कारखान्यात राहून तेलाशी उभा दावा मांडायचा म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. तिथे सगळंच तेलात बुडालेलं. चाकं तेलात, बेअरिंगं ग्रीसमध्ये, माणसांच्या बाह्या कोपरापर्यंत काळ्याकुट्ट, आणि चहाच्या कपाच्या कानालासुद्धा तोच वास. पण मास्तरांच्या हातून जाणारी वस्तू अशी, की तिला तेलाचं बोट लागलं तरी ती कामातून गेली. डब्याला डबा जोडणारा जो कपलर असतो, त्याच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, लहान ट्रंकेएवढी एक पोलादी पेटी बसवलेली असते. कागदोपत्री तिचं नाव ड्राफ्ट गियर. कारखान्यात सगळे नुसतं पेटी म्हणत. तळाशी जाड स्प्रिंग, वर भिंतींना खेटून बसलेल्या तीन पोलादी पाचरी. इंजिनानं हिसका दिला, मागच्या डब्यानं धडक मारली, की पाचरी भिंतींना घासत आत सरकतात. घासतात, करकरतात, कुरकुर करतात, आणि त्या घासण्यात धक्का जिरून जातो. नुसती स्प्रिंग असती तर तिनं धक्का घेतला असता आणि घेतला तसा परत फेकला असता. आणि घासायचं तर कोरडं हवं. तेल लागलं की पाचर सुळकन आत जाते, सुळकन बाहेर येते, आणि धक्का आहे तसा पुढच्याच्या उरावर.

हे मास्तरांनी छत्तीस वर्षं केलं. पेटी उघडायची, झिजलेल्या पाचरी काढायच्या, नव्या बसवायच्या. हातमोजे घालायचे नाहीत, कारण हातमोजा कुठे कुठे फिरून आलेला असतो ते देव जाणे. पाचरी बसवण्याआधी उघडा तळहात आतल्या तिन्ही भिंतींवरून सावकाश फिरवायचा. ह्याला ते शेवटचा हात म्हणत. धूळ असो, बारीक कंगोरा असो, डोळ्याला दिसायच्या आधी तळहाताला कळतो असं त्यांचं म्हणणं. मग पेटी बंद, आणि तिच्या कडेला पोलादी पंचानं ठोकलेली त्यांची खूण. दोन टिंबं आणि एक रेघ.

एरवी माणूस मोठा तंद्रीचा. तयार पेटी चाचणीच्या घणाखाली ठेवत. घण वरून सोडायचा, दहा वेळा. चांगली पेटी घण गिळून टाकते, तो उसळून येत नाही. दहावा घाव झाला की मास्तर जाऊन पेटीवर हात ठेवत. पेटी ऊन लागायची. तेवढा सगळा दणका आत गेला आणि त्याची ही एवढीशी ऊब झाली, या गोष्टीचं त्यांना छत्तीस वर्षांत एकदाही नवल वाटेनासं झालं नाही. हात तिथेच आणि डोळे खिडकीबाहेर, कुठेतरी लांब. शेडमधले म्हणत, "लागली समाधी. आता चहा गार करून प्यायचा." पण हाक कुणी मारत नसे. त्या दोन मिनिटांत मास्तरांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कुठे जायच्या कोण जाणे.

घर यार्डाला लागूनच. रविवारी दुपारी पडल्या पडल्या त्यांना लांबवर इंजिन डब्यांना भिडल्याचा आवाज यायचा, मग तो धक्का डब्याडब्यातून निघायचा, करकर करत, थोडा थोडा कमी होत, गाडीच्या शेपटापर्यंत. खिडकीची काच हलकेच थरथरायची. फळीवरच्या पेल्यांची एकमेकांशी कुजबुज व्हायची. मास्तर अर्धवट झोपेत डबे मोजत. कधीकधी त्यांना वाटायचं, आपण त्या गाडीत नाही, आपणच गाडी आहोत, अंथरुणभर लांब पसरलेली, आणि धक्का डोक्याकडून पायाकडे चाललाय, आणि अंगठ्यापाशी येईतो नुसती ऊब उरलीय.

"झोपलात का हो?" बायको विचारायची.

"हं."

हे 'हं' मात्र घरातलं मोठं दुखणं होतं. मास्तरांचा सगळा संसार त्या एका अक्षरावर चालला होता. मुलगी परीक्षेत पहिली आली, "हं." तिचं लग्न ठरलं, "हं." घराचं छप्पर गळतंय, "हं," आणि दुसऱ्या दिवशी न बोलता शिडी लावून वर. माणूस वाईट नव्हता हो. आवाज चढवला नाही कधी, घरावर आलेलं संकट स्वतःच्या अंगावर घ्यायचा आणि गप्प बसायचा. पण बाईनं काय समजायचं? मास्तरीणबाई बोलक्या. भिंतीशीसुद्धा गप्पा मारतील. त्या भावाला म्हणायच्या, "तुझ्या भाऊजींच्या मनात काय चाललंय ते मला एकदा कळू दे. मग मी सुखानं डोळे मिटीन."

हा भाऊ म्हणजे मालगाडीवरचा गार्ड. गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात एकटा बसणारा माणूस. मालगाडीत सगळ्यात वाईट जागा तीच. पुढचे धक्के येऊन येऊन शेवटी तिथे आपटतात. आठ वर्षांपूर्वी एका दुसऱ्याच कारखान्यातल्या खराब पेटीनं त्याला असं उचलून भिंतीवर टाकलं होतं, की खांद्याचं हाड मोडलं आणि पुढचे दोन दात गेले. तेव्हापासून डब्यात चढण्याआधी तो खाली वाकून पेटीवरची खूण बघायचा. दोन टिंबं आणि एक रेघ दिसली की पेटीवर एक टिचकी मारायची आणि शीळ घालत वर चढायचं. दोन दात नसल्यामुळे शिळेत वाराच जास्त.

तर, मास्तर निवृत्त व्हायला सहा महिने राहिले असताना मास्तरीणबाई पडदे काढायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या. गुडघा गेला. ऑपरेशन झालं, प्लास्टर झालं, प्लास्टर निघालं, आणि पाय काही वाकेना. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी कापराच्या तेलानं चोळा, हळूहळू वाकवा, उठतील. उठतील म्हणाले खरे, पण म्हणताना बघत होते कागदाकडे.

आणि मग ज्या माणसानं जन्मभर तेलाला दाराबाहेर उभं केलं, तो रोज सकाळी वाटीभर तेल घेऊन बायकोच्या पायाशी बसायला लागला. पाऊण तास. खालून वर, वरून खाली, गुडघ्याच्या वाटीभोवती गोल. पहिल्या दिवशी बाई लाजून अर्ध्या झाल्या. "अहो, राहू द्या, शेजारच्या काकूंना बोलावते." मास्तर "हं" म्हणाले आणि चोळत राहिले. पाय पुसायला एक फडकं होतं, त्याच पडद्याचं फाडलेलं, निळ्या फुलांचं. चोळून झालं की मास्तर मोरीत जाऊन सोड्यानं हात धूत, तीन तीन वेळा, नखांतसुद्धा. मग डबा, मग कारखाना. पाच महिने त्यात एक दिवस चूक नाही.

तो सोमवार उजाडला. शनिवारी मास्तरांचा शेवटचा दिवस. पाय चोळून झाला, मास्तर गुडघा वाकवायला लागले, आणि तो वाकला. रोज अडायचा तिथे अडला नाही. बाईंनी स्वतःच पाय खाली सोडला, पलंगाची कड धरली, आणि उभ्या राहिल्या. मास्तर खालीच बसलेले, हातात फडकं. बाईंनी कड सोडली. एक, दोन, तीन, चार, पाच. ओठांतल्या ओठांत मोजलं त्यांनी. मग धपकन खाली बसल्या आणि नवऱ्याकडे बघितलं, असं बघितलं, की दगडालाही काहीतरी बोलावंसं वाटलं असतं.

मास्तर म्हणाले, "हं."

आणि उठले, डबा घेतला, चपला घातल्या, निघाले. यार्डाच्या कडेनं रोजची वाट, पण त्या दिवशी पायाखाली ती होती की नव्हती त्यांना ठाऊक नाही. धुकं होतं. उभ्या मालगाड्यांचे डबे धुक्यात अर्धे बुडालेले, आणि मास्तरांना वाटत होतं, हे सगळे डबे आत्ता एकदम उठून उभे राहतील. ती उभी राहिली. पाच आकडे ती उभी राहिली. शेडमध्ये आले, कुणाकुणाचे तळवे बघितले, कुणाला परत नळावर पाठवलं, आणि कामाला बसले. सोमवारचं काम म्हणजे एक गार्डाचा डबा दुरुस्तीला आला होता, त्याची पुढची पेटी. खिशातलं फडकं काढून भिंती पुसल्या, शेवटचा हात फिरवला, पाचरी बसवल्या, खूण ठोकली. डाव्या हातानं खाकी चिठ्ठी दाबून धरून उजव्या हातानं पेटीचा नंबर लिहिला आणि खिडकीतल्या दोरीला चिमट्यानं लावून टाकली. दुपारी घणाची पाळी होती, पण घणाची साखळी दुरुस्तीला काढलेली. दोन टिंबं आणि एक रेघ बघितल्यावर फोरमनबाईंनी "मास्तरांची आहे ना, जाऊ द्या" म्हणून पेटी तशीच सोडली.

मंगळवारी आभाळ होतं. सकाळी मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, फडकं कुठं गेलं माझं?" मास्तर म्हणाले, "असेल." बाई त्या दिवशी जरा गप्पच होत्या. मास्तरांच्या लक्षात आलं नाही. बाईंचं बोलणं ऐकायची त्यांना इतकी सवय झाली होती की गप्प बसणं ऐकू यायचं नाही.

बुधवारी ऊन पडलं. दुपारी बारा वाजून गेल्यावर त्या खिडकीत ऊन येतं. मास्तर स्टुलावर बसले होते, हात रिकामे, डोळे खिडकीकडे, नेहमीची तंद्री. दोरीवर खाकी चिठ्ठ्या वाऱ्यानं हलत होत्या. त्यांतल्या एकीत एक हात होता.

उजेडाचा हात. चार बोटं, अंगठा, तळव्याचा गोल. खाकी कागदातून सोनेरी होऊन चमकत होता आणि वाऱ्याबरोबर सावकाश हलत होता, बोलावल्यासारखा. मास्तरांना वाटलं, काय सुंदर आहे. खरंच असंच वाटलं त्यांना, क्षणभर. मग त्यांनी आपला डावा हात वर केला आणि कागदातल्या हाताशेजारी धरला.

बोटाला बोट जुळलं. सोमवारी सकाळी ते मोरीत गेलेच नव्हते. कामाच्या चिंध्यांचा ढीग त्यांनी उपसला. तळाशी निळी फुलं. नाकाला लावलं. कापूर. पाच महिने तो वास नाकात भरलेला, म्हणून सोमवारी कळला नाही. त्या फडक्यानं त्यांनी भिंती पुसल्या होत्या. त्या हातानं शेवटचा हात फिरवला होता. शेडमधल्या प्रत्येकाचा तळवा त्यांनी तपासला होता. स्वतःचा सोडून.

चिठ्ठीवरचा नंबर त्यांनी वाचला, आणि यार्डाच्या पाटीवर तो डबा कुठल्या गाडीला लागलाय ते बघितलं. तीन वाजताची मालगाडी, डोंगराच्या उतारानं जाणारी. उतारावर सगळ्या डब्यांचं वजन पुढेमागे सरकतं, आणि प्रत्येक सरकणं शेवटच्या डब्यावर येऊन आदळतं. त्या शेवटच्या डब्यात कोण बसणार, हे पाटीवर बघायची गरज नव्हती. मेव्हण्यानं सकाळीच बहिणीकडे चहा पिताना सांगितलं होतं.

फोरमनबाई आपल्या खोलीत शनिवारच्या निरोपाचं भाषण खरडत बसल्या होत्या. शेडच्या दाराशी एक काळा फळा होता. खराब निघून परत आलेल्या पेट्या त्यावर लिहीत. तारीख, खूण, कारण. महिनाअखेरी सगळ्या खुणा मोठ्या वहीत उतरवायच्या. छत्तीस वर्षांच्या वहीत दोन टिंबं आणि एक रेघ एकदाही नव्हती. बाईंचं सगळं भाषण त्यावरच बेतलेलं. मास्तर आत आले, काही न बोलता चिठ्ठी खिडकीशी धरली. बाईंनी बघितलं. मग फोन उचलला आणि यार्डाला सांगितलं, तीनची गाडी सोडू नका.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "मास्तर, पेटीला भेग गेल्याचा संशय आला, असं लिहू. भेग काय, कुणाच्याही पेटीला जाते. चार दिवस राहिलेत तुमचे."

खोटं कशाला सांगायचं, मास्तरांना मोह झाला. भेग. एका शब्दाचं काम. गाडी थांबलीच आहे, मेव्हणा वाचलाच आहे, मग कुणाचं काय बिघडतंय? आणि भेग म्हटलं की कुणी विचारणार नाही हे तेल कुठलं, सकाळी सकाळी मास्तरांच्या हाताला कसं लागलं. सोडामास्तर घरी बायकोचे पाय चोळतो, हे आख्ख्या कारखान्यात होणार. त्यांचे कान आत्ताच तापले होते.

"बाई," ते म्हणाले, "मी तळवे दाखवले नव्हते."

आणि यार्डाकडे निघाले. जवळजवळ पळतच. फोन झाला होता, पण मेव्हण्याला त्या डब्यातून स्वतःच्या हातानं उतरवल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडणार नव्हतं.

ते गाडीच्या मध्यावर पोचले, तेवढ्यात फोनचा निरोप न पोचलेलं इंजिन पुढे येऊन डब्यांना हलकेच टेकलं. मास्तर जागच्या जागी थांबले. धक्का त्यांच्या शेजारून गेला. करकर, करकर, प्रत्येक जोडावर एक कुरकुर, प्रत्येक कुरकुरीत थोडा विरत. झोपेतल्यासारखे ते त्याच्याबरोबर चालायला लागले. आणि अगदी शेवटी, शेपटाला, कुरकुर झालीच नाही. रिकामं कपाट आपटावं तसा एकच फटका, आणि त्यामागून मेव्हण्याचा आवाज, "अरे बापरे!"

मेव्हणा डब्याच्या पायरीवर आला तो शर्टावर चहा सांडलेला. "भाऊजी? तुम्ही इकडे? बघा ना, इंजिन नुसतं टेकलं तर पेला हातातून उडाला. म्हातारा झालो वाटतं. हात थरथरतो माझा."

"तुझा हात नाही."

"मग? पेटी तुमचीच आहे की. मी खूण बघून चढलो."

मास्तरांना तिथे, रुळांत, उन्हात, रडू फुटलं. छत्तीस वर्षांत कुणी बघितलं नव्हतं ते मेव्हण्यानं बघितलं. त्याला काही कळेना, तो उतरून खाली आला, आणि दोघे एकमेकांचे दंड धरून उभे राहिले.

डबा गाडीपासून सोडवून शेडमध्ये आणला. पेटी काढली, सोमवारी काढलेली साखळी एव्हाना परत लागली होती, तेव्हा पेटी घणाखाली ठेवली. पहिला घाव, आणि घण चेंडूसारखा उसळला. कुणी हसलं नाही. दहा घाव झाले. मास्तरांनी पेटीवर हात ठेवला. कोमट, जेमतेम. पण तेवढी ऊब तेलाला पुरली. शेडभर कापराचा वास दरवळला. पोलादाच्या, कोळशाच्या, घामाच्या त्या शेडमध्ये आजारी माणसाच्या खोलीचा वास, सकाळचा, अंथरुणाचा, कुणीतरी कुणाचीतरी काळजी घेतोय असा वास. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. फोरमनबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

मास्तर फळ्यापाशी गेले. खडू घेतला. तारीख लिहिली. दोन टिंबं आणि एक रेघ काढली, छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मग कारणाच्या रकान्यापाशी हात थांबला, चांगला मिनिटभर थांबला. मग त्यांनी लिहिलं: हाताला तेल. बायको उभी राहिली.

शनिवारी फोरमनबाईंनी भाषण फाडून टाकलं आणि फळ्यावरची ती ओळ वाचून दाखवली, दुसरं काही नाही. फळा दर महिन्याला पुसतात. ती ओळ बरेच महिने कुणी पुसली नाही. पण ते नंतरचं.

बुधवारी संध्याकाळी मास्तर घरी आले तर मास्तरीणबाई दारात. चौकट धरून, पण उभ्या.

"अगं, पडशील."

"फळ्यावर काय लिहिलंत?"

"कुणी सांगितलं?"

"माझा भाऊ आला होता शर्ट बदलायला. गाडी दोन तास उशिरा सुटली ना. सगळं सांगून गेला."

"हं."

"हं काय हं!" बाईंचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "सोमवारी मी उभी राहिले. सहा महिन्यांनी. तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही 'हं' म्हणून चालते झालात. दोन दिवस मी नुसती छताकडे बघत पडलेय. मला वाटलं, कंटाळला हा माणूस. करायचं म्हणून करतोय. मी उभी राहिले काय, आडवी राहिले काय, ह्याला सारखंच."

मास्तर ओट्यावर टेकले. चपला काढायचंही सुचलं नाही. त्यांना खूप सांगायचं होतं. धुक्यातले डबे, उठून उभे राहतील असं वाटलेलं. रस्ता पायाखाली नव्हता ते. पण जन्मभर न वापरलेली वाट ती, एकदम कुठून सापडणार?

"अगं," ते म्हणाले, "मी हात धुवायला विसरलो."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. हा माणूस. सोड्याचा डबा लग्नाच्या सामानात घेऊन आलेला. मुलगी झाली तेव्हासुद्धा हात धुऊन मग पाळण्याकडे वळलेला. खालचा ओठ दातांत धरून त्या हळूहळू खाली बसल्या, त्यांच्याशेजारी, ओट्यावर, पाय लांब करून. लांब यार्डात इंजिन डब्यांना भिडलं. धक्का निघाला, करकरत, विरत, आणि आत फळीवरचे पेले हलकेच कुजबुजले. दोघांनीही ऐकलं.

गुरुवारी सकाळी पाऊण तास चोळून झालं. गुडघा वाकला. बाई सात आकडे उभ्या राहिल्या. मास्तर हात धुऊन आले, डबा उचलायला वाकले.

"अहो. थांबा." बाईंच्या हातात खाकी कागदाचा तुकडा होता. भावाकडून मागून घेतलेला असणार. "तळवे दाखवा."

मास्तरांनी दोन्ही हात पुढे केले. बाईंनी एका हातानं ते धरले, दुसऱ्यानं कागद दाबला, खिडकीकडे धरला, एक डोळा मिटला. कागद कोरा होता.

"परत धुवा," त्या म्हणाल्या, आणि हात काही सोडले नाहीत.